मासोळी, कूलर आणि तुझा दमा

नागपूर, १२ एप्रिल

मनू बेटा,

काल कूलर खाली काढला. मागच्या वर्षीच्या ताट्या तशाच होत्या. हात लावला तर बुरशी भुकटीसारखी उडाली आणि मलाच ठसका लागला. "पहिल्या दिवशी थोडा वास येतो, मग जातो," असं मी दर उन्हाळ्यात म्हणायचो, आणि तुझी खाट बरोबर त्याच्यासमोर.

दिवाळीत तू जिना चढून आली, धाप लागली होती, आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "दमाबिमा काही नाही, वजन कमी कर." तू ताट अर्धं ठेवून उठली. परवा तू स्पायरोमेट्रीचा, म्हणजे फुंकून श्वास मोजायच्या तपासणीचा रिपोर्ट पाठवला, तो चष्मा लावून तीनदा वाचला. नळ्या उघडणाऱ्या पंपाआधी (इन्हेलरआधी) पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा २.१० लिटर, पंप घेतल्यावर पंधरा मिनिटांनी २.४५. फरक १२ टक्के आणि २०० मिलिलिटरच्या वर गेला की आकसलेल्या नळ्या औषधाने उघडल्या असं धरतात. नुसत्या जाडीची धाप पंपाने अशी हलत नाही.

माझी चूक कुठे झाली, सांगतो. दमा मी तुझ्या दादाचा पाहिला होता. पाच वर्षांचा असल्यापासून रात्री-अपरात्री त्याला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्यायचो. एकदा मृगाला हैदराबादला नेऊन दम्यावरचा इलाज म्हणून जिवंत मासोळीही गिळवली. तेराव्या-चौदाव्या वर्षी त्याचं आपोआप कमी झालं, श्रेय मासोळीला गेलं. लहानपणी मुलग्यांच्या श्वासनळ्या फुप्फुसाच्या मानाने अरुंद असतात, म्हणून त्या वयात दमा मुलींपेक्षा मुलग्यांना जास्त. वयात आले की गणित उलटतं, मग बायकांना जास्त आणि बरेचदा त्रासही जास्त. हे मला आता कळलं. तुझा खोकला चौदाव्या वर्षी सुरू झाला तेव्हा मी म्हणालो, "दादाचं गेलं, तुझंही जाईल."

तुझी आई मात्र बघून होती. गॅसची टाकी लागल्याची तारीख जिथे लिहिते त्याच कॅलेंडरवर ती तुझ्या खोकल्याच्या रात्रींना फुली मारायची. फुल्या दर महिन्याला पाळीच्या आधीच्या तीन-चार दिवसांत गोळा व्हायच्या. तिने एका डॉक्टरांना सांगितलंही, ते हसले. संप्रेरकांच्या चढउताराने त्या दिवसांत काही जणींचा दमा खरंच बिघडतो. ते कॅलेंडर तू आपल्या नव्या डॉक्टरांना दाखव, आईने जपून ठेवलं आहे.

आता वजन. खोकला लागला तेव्हा तू चाळीस किलोची काडी होती, विसरलो होतो मी. मग धावणं सुटलं, पीटीला बाकावर बसणं आलं, आणि पंपाची "सवय लागते" म्हणून आम्ही गोळ्या देत राहिलो. स्टेरॉइडच्या त्या गोळ्यांनी भूक खवळते, वजन वाढतं. गोळीतलं स्टेरॉइड मिलिग्रॅममध्ये पोटातून अंगभर जातं. पंपातलं मायक्रोग्रॅममध्ये, थेट नळीत. लग्नाच्या बाजारात पंप दिसू नये, हेही मनात होतं. खोटं कशाला बोलू.

पण वजनाचा संबंधच नाही असंही नाही. अमेरिकेत १९९१ ते १९९५ पर्यंत ८५ हजारांवर नर्सेसवर लक्ष ठेवलं होतं. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० किंवा वर असलेल्यांना नव्याने दमा होण्याचं प्रमाण सडपातळ बायकांच्या अडीचपटीहून जास्त निघालं. पोटाची चरबी छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा खालून वर ढकलते, श्वास उथळ होतो, नळ्या पुरत्या ताणल्या जात नाहीत. चरबी स्वतःही सूज वाढवणारी द्रव्यं सोडते, आणि अशा दम्यावर स्टेरॉइडचा पंप थोडा कमी चालतो. वजन पाच-दहा टक्के उतरलं तरी दमा बऱ्यापैकी आटोक्यात येतो म्हणतात. तुझ्या ७४ किलोंतले चार ते सात. पण ते रोजचा पंप लागू पडल्यावर, तुझ्या मनाने. आधी नळ्या मोकळ्या होऊ दे, मग अंबाझरी तलावावर फिरायला मी सोबत येतो, माझंही पोट काही कमी नाही.

कूलरला नव्या ताट्या लावल्या, टाकी घासून उन्हात वाळवली. तू यायच्या दोन दिवस आधी चालवून वास काढतो. तुझी खाट आतल्या खोलीत हलवली आहे. गरीबरथचं तिकीट निघालं की कळव, आणि स्पेसर, ती पंपाला लावायची नळी, घेऊन ये. मागच्या खेपेला पुण्यालाच राहिला होता.

तुझा,
बाबा