97.7 टक्के चांगल्या विक्रेत्याने पाठवलेला पितळेचा रुपया

फोंडा, गोवा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी
(नाव तुमच्या संकेतस्थळावर कुठेच सापडले नाही, म्हणून नुसते पदनाम लिहिले आहे.)

विषय: बनावट नाणे, 6,400 रुपयांचा परतावा आणि विक्रेत्याचा पत्ता मिळण्याबाबत

महोदय,

तुमच्या लिलावात मी गोव्याचा 1882 सालचा चांदीचा रुपया घेतला. एका बाजूला राजा लुईसचा चेहरा असलेला, पोर्तुगीज अमदानीतला. आमच्या आजीच्या पेटीत असा एक होता. पुढे वाटण्या झाल्या त्यात तो कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नाही. चवथीला सगळी भावंडे घरी जमतात, तेव्हा दाखवावा एवढाच हेतू होता.

नाणे हातात घेतल्यावरच हलके वाटले. या रुपयाचे वजन ब्रिटिश रुपयाइतकेच, 11.66 ग्रॅम असते. आमच्या सोनाराच्या काट्यावर ते 9.62 भरले. त्याने कडेला जरा कानस लावली आणि आतून पिवळे दिसले. पितळ उघडे पडणे म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिले.

तुमच्या मदत कक्षाने मला दोनच वाक्यांत वाटेला लावले. विक्रेता 'विश्वासू' गटातला आहे आणि परत करण्याचे सात दिवस संपले आहेत. हे सात दिवस तुम्ही माल निघाल्यापासून मोजता. ऐन पावसात कुरियर फोंड्याला पोचायला नऊ दिवस लागले. म्हणजे पाकीट उघडण्याआधीच माझा हक्क संपलेला!

पण माझी खरी तक्रार त्या 'विश्वासू' शब्दाबद्दल आहे. विक्रेत्याच्या नावापुढे तुम्ही हिरव्या अक्षरांत 97.7 टक्के लिहिले होते. तेवढ्यावर मी बोली लावली, ही चूक माझी. फसल्यावर मात्र दोन रात्री बसून त्याला ग्राहकांनी दिलेले सगळे 214 शेरे वाचून काढले. त्यातले 205 शेरे पन्नास रुपयांच्या आतल्या मालाचे आहेत. जुनी तिकिटे, पोस्टकार्डे, काड्यापेट्यांची लेबले. ते सगळेच्या सगळे चांगले. हजार रुपयांवरचे सौदे फक्त नऊ, आणि त्यातल्या पाच जणांनी 'वजन कमी', 'चुंबकाला चिकटते', 'फोटोतले नाणे हे नव्हे' असे लिहिले आहे. म्हणजे महाग मालात हा माणूस नवापैकी पाच वेळा खोटा ठरला, आणि तुमच्या हिशेबात तरीही 97.7 टक्के खरा! वीस रुपयांचे तिकीट आणि सहा हजारांचे नाणे तुम्ही एकाच तागडीत तोलता. आमचा सोनारसुद्धा असे करत नाही.

शेऱ्यांच्या तारखा पाहिल्या तर आणखी एक गोष्ट दिसते. तिकिटांचे सौदे थांबल्यावर हे खाते चौदा महिने गप्प होते. मग अचानक चांदी सुरू झाली. खाते दुसऱ्याच कुणाच्या हाती गेले असावे अशी मला शंका आहे. ती खरी की खोटी हे तुम्हाला लगेच कळू शकते, कारण बँक खाते बदलले का, हे तुमच्याकडेच नोंदलेले असते. फोटोही तेच सांगतात. एक नाणे लाकडी फळीवर, दुसरे निळ्या मखमलीवर, तिसरे कुणाच्या तळहातावर. एका घरातून विकणाऱ्याचे फोटो असे दहा घरांतले कसे?

माझ्या लिलावात बोली 2,900 वर थांबली होती. ती 6,400 पर्यंत ढकलली ती एका बोलीदाराने, ज्याच्या नावावर एकही खरेदी नाही. तुम्ही बोलीदारांची नावे झाकता, पण पहिले आणि शेवटचे अक्षर उघडे ठेवता. तीच दोन अक्षरे याच विक्रेत्याच्या नवापैकी सहा लिलावांत आहेत आणि जिंकलेली एकदाही नाहीत. गावच्या पावणीत, म्हणजे लिलावात, नुसता भाव चढवणारा असा माणूस उभा राहिला तर लोक त्याला दुसऱ्याच दिवशी ओळखतात.

आणि वाईट शेरे इतके कमी का, याचे कारणही तुमच्याच नियमात आहे. तुमच्याकडे विक्रेता उलट ग्राहकालाही वाईट शेरा देऊ शकतो. मी 'बनावट नाणे' असे लिहिताच तासाभरात माझ्या नावापुढे 'कटकटी ग्राहक' उमटले. ईबे या लिलावाच्या संकेतस्थळाने ही सोय 2008 मध्येच बंद केली होती, कारण उलट शेऱ्याच्या भीतीने ग्राहक खरे लिहायला कचरत.

माझे 6,400 रुपये परत करा. या विक्रेत्याचे पान तुम्ही पत्त्याच्या जागी 'मुंबई' एवढ्या एका शब्दावर चालवता. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागितल्यास विक्रेत्याचा पूर्ण पत्ता आणि संपर्क तुम्ही द्यायला हवा. हे पत्र म्हणजेच ती लेखी मागणी समजावी. त्याच नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निकाल एका महिन्यात द्यावा लागतो. तसे न झाल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही, 2019 च्या कायद्याने मी राहतो तिथेच तक्रार करता येते.

'आधी नाणे परत पाठवा, मग बघू' असे तुमच्या मदत कक्षाने फोनवर सुचवले. ते मी करणार नाही. कानस लावलेले नाणे, वजनाची चिठ्ठी आणि कुरियरचे पाकीट माझ्या कपाटात आहे. ज्याला पाहायचे असेल त्याने फोंड्याला यावे, चहा देईन.

आपला,
एक ग्राहक

सोबत: वजनाच्या चिठ्ठीची प्रत, नाण्याचे चार फोटो, नऊ लिलावांच्या पानांच्या छापील प्रती