मा. केंद्रीय जलशक्ती मंत्र्यांना खुले पत्र : नळयोजनेला मंजुरी देताना दाखल्यावरची तारीख पाहा

प्रति,
मा. श्री. सी. आर. पाटील,
केंद्रीय जलशक्ती मंत्री, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

मे 2019 मध्ये जलसंपदा आणि पेयजल ही दोन मंत्रालयं एकत्र करून जलशक्ती मंत्रालय झालं. जमिनीखालचं पाणी मोजणारे आणि गावात नळ टाकणारे एकाच मंत्र्याकडे आले, हे चांगलंच झालं. पण आतले विभाग दोनच राहिले. केंद्रीय भूजल मंडळ एका सचिवांकडे, घरोघरी नळाने पाणी देण्याचं जलजीवन मिशन दुसऱ्यांकडे. त्याच वर्षी 15 ऑगस्टला मिशन जाहीर झालं, मंजुऱ्यांचा सपाटा लागला आणि पाण्याचा हिशेब मागे पडला.

मंजुरी राज्यस्तरीय समिती देते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण त्या समितीवर मिशनचा प्रतिनिधी असतो आणि महाराष्ट्रात निम्मा पैसा केंद्राचा असतो. म्हणून हे पत्र आपल्याला.

प्रस्तावाला उद्भवाचा, म्हणजे योजनेचं पाणी जिथून घ्यायचं त्या विहिरीचा वा बोअरचा, दाखला जोडलेला असतो. त्यावरची क्षमता चाचणीची (उद्भव किती पाणी देतो ते मोजल्याची) तारीख पाहा, एवढंच आमचं मुख्य म्हणणं. दोन हजार वस्तीचं गाव धरा. माणशी 55 लिटरप्रमाणे रोज 1,10,000 लिटर लागतात, 15 टक्के गळती धरली की सव्वा लाखाच्या वर. पंप आठ तास चालणार असेल तर विहिरीने ताशी सोळा हजार लिटर द्यायला हवेत. डिसेंबरात ती देतेही. राज्याचा बहुतांश भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या कठीण खडकाचा. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, आणि हा साठा उन्हाळ्याच्या तोंडाशी रिकामा होतो. मे महिन्यात त्याच विहिरीत ताशी तीन हजारांची आवक राहिली, तर चोवीस तासांचे होतात 72,000. म्हणजे माणशी 36 लिटर, तेही गळती न धरता. टाकी, टाकीपर्यंत पाणी चढवणारी ऊर्ध्ववाहिनी, नळ सगळं जागेवर, आणि गावात टँकर!

अशा वेळी दुसरा उद्भव शोधायचा, सुधारित अंदाजपत्रक करायचं, पुन्हा तांत्रिक मान्यता, पुन्हा प्रशासकीय. घाईने मंजुरी देऊन वाचवलेले महिने इथे व्याजासकट जातात. शिवाय वेळ खरा खातात त्या भलत्याच गोष्टी : टाकीच्या जागेचं बक्षीसपत्र, वीजजोडणी, वनखात्याची परवानगी, रस्ता ओलांडून पाइप नेण्याची परवानगी. वेग वाढवायचा तर तिथे वाढवा.

आपण मूळचे जळगाव जिल्ह्यातले. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात बोअर किती खोल गेल्या, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. सार्वजनिक उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर नको, हा नियम महाराष्ट्रात 1993 च्या कायद्यापासून आहे. तरी शेजारच्या शेतात बोअर पडते आणि गावाची विहीर आटते. ग्रामपंचायत तक्रार करत नाही, कारण बोअरवाला गावचाच असतो. म्हणून मंजुरीच्या वेळीच त्या परिघातल्या विहिरी-बोअरचा नकाशा आणि सातबारावरची नोंद प्रस्तावाला जोडायला लावा.

पाण्याच्या गुणवत्तेचंही तसंच. यवतमाळ-चंद्रपुरात फ्लोराइड, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात क्षार. फ्लोराइडची मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, पर्याय नसेल तर दीड. पाणी खाली जातं तसं काही ठिकाणी हे प्रमाण वाढतं, तेव्हा नमुनाही उन्हाळ्यातलाच हवा.

मिशनची मुदत 2028 पर्यंत वाढवल्याचं 2025 च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं आहे. विहीर वा बोअर हा उद्भव असलेल्या प्रत्येक नव्या आणि सुधारित प्रस्तावाला एप्रिल-मेमधली चाचणी सक्तीची करा : पंप किती तास चालवला, पातळी किती उतरली, ती परत यायला किती वेळ लागला, तिन्ही आकडे तारखेसह. त्यावर भूजलवाल्यांची सही नसेल तर फाइल समितीपुढे जाऊ नये. आणि जिथे नळ बसले पण उन्हाळ्यात पाणी येत नाही, ती घरं मिशनच्या ऑनलाइन डॅशबोर्डवर वेगळ्या रकान्यात दाखवा. त्याला नवा कायदा लागत नाही. एका परिपत्रकाचं काम आहे, आणि ते मार्चच्या आत निघालं तर पुढचाच उन्हाळा चाचणीला मिळेल.

आपले,
ग्रामीण पाणीपुरवठ्यात काम करणारे काही अभियंते व भूवैज्ञानिक