तपासणीच्या फॉर्मवर विचारा: मूल रात्री घोरतं का?

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री महोदय,

विषय: शालेय आरोग्य तपासणीत मुलांच्या झोपेची चौकशी करण्याबाबत.

महोदय,

मी स्लीप लॅबमध्ये, म्हणजे रुग्णाला रात्रभर झोपवून त्याची झोप आणि श्वास तपासतात तिथे, तंत्रज्ञ आहे. आमच्याकडे येणारे बहुतेक रुग्ण मोठी माणसं असतात. हे पत्र मात्र लहानांसाठी लिहिते आहे, कारण ती आमच्यापर्यंत फार उशिरा पोहोचतात आणि तीही वळसे घेत. आधी शाळेतून तक्रार येते, की मूल एका जागी बसत नाही, लक्ष देत नाही, चिडचिड करतं. मग समुपदेशक, मग चंचलतेची औषधं, आणि मध्येच कधीतरी कुणाला तरी त्या मुलाच्या घशात डोकावावंसं वाटतं.

शाळेच्या तपासणीत उंची, वजन, दात, डोळे, कान सगळं पाहतात. झोपेबद्दल कुणी विचारत नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाचे नऊ ते बारा तास झोप लागते. एवढ्या मोठ्या वेळात त्याच्या शरीराचं काय चाललं आहे, याला फॉर्मवर एक ओळही नाही.

आमच्याकडे काय दिसतं ते सांगते. मूल आलं की बराच वेळ वायरी लावण्यात जातो. डोक्याला, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला आणि नडग्यांवर इलेक्ट्रोड, छातीला आणि पोटाला पट्टे, नाकाखाली बारीक नळी, बोटाला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर. नळी ते ओढून काढणारच, आपण पुन्हा लावायची. शेवटी झोप लागते. मान मागे टाकलेली, तोंड उघडं, कपाळावर घाम. आणि मग पडद्यावर दोन पट्ट्यांच्या रेषा एकमेकींच्या उलट हलू लागतात, म्हणजे पोट वर येतं तेव्हा छाती आत ओढली जाते. मूल जीव तोडून श्वास घेत असतं, पण नाकाखालच्या नळीची रेष सपाट असते. हवा आत जातच नाही. काही सेकंदांनी मेंदूला किंचित जाग येते, मूल कूस बदलतं, एक मोठा घोरण्याचा आवाज होतो आणि रेषा परत चालू होतात. थोड्या वेळाने पुन्हा तेच. शेजारच्या खाटेवरची आई कौतुकाने म्हणते, “बघा, किती गाढ झोपलाय!”

याला झोपेतला श्वासरोध, म्हणजे स्लीप ॲप्निया म्हणतात. साधारण १ ते ५ टक्के मुलांना तो असतो. दोन ते आठ या वयात टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडेनॉइडच्या गाठी श्वासमार्गाच्या मानाने सर्वांत मोठ्या असतात, म्हणून त्याच वयात तो जास्त आढळतो. मोठ्या माणसाचा श्वास तासाला पाच वेळा अडला की आम्ही आजार म्हणतो. मुलांमध्ये तासाला एकापेक्षा जास्त म्हणजेच बिघाड. शिवाय झोप पुरी न झालेला मोठा माणूस पेंगतो, मूल उलट उड्या मारतं. त्यामुळे दिवसा त्याच्याकडे पाहून हे झोपेचं दुखणं आहे अशी शंका कुणालाच येत नाही.

प्रत्येक घोरणाऱ्या मुलाच्या गाठी काढा, असं मी म्हणत नाही. सर्दीत घोरणारी मुलं पुष्कळ असतात. २०१३ साली अमेरिकेत श्वासरोध असलेल्या पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांनी नॉर्मल आली. नुसती देखरेख ठेवलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होतं. लक्ष आणि एकाग्रतेच्या मोजमापात फारसा फरक पडला नाही, वागणूक आणि एकूण तब्येत मात्र स्पष्टपणे सुधारली. म्हणजे काही मुलं थांबूनही बरी होतात. पण ते थांबणं डॉक्टरांच्या नजरेखालचं हवं. आज जे थांबणं चालतं ते कुणी विचारलंच नाही म्हणून.

बाकीचे काही विकार तर प्रश्न विचारला की निम्मे उलगडतात. रात्री पायांना चैन नसते, पाय सतत हलवावेसे वाटतात, असं सांगणाऱ्या मुलाला ‘वाढीचं दुखणं’ म्हणून परत पाठवलं जातं. पुष्कळदा शरीरातला लोहाचा साठा कमी असतो आणि रक्ताच्या एका तपासणीत ते कळतं. झोपेच्या पहिल्या प्रहरात किंचाळत उठणारं, डोळे उघडे असून आईबापांना न ओळखणारं मूल पाहून घर हादरतं. सकाळी त्या मुलाला काही आठवत नाही आणि बहुतेक मुलांत हे वयाबरोबर आपोआप जातं. त्याला गदगदा हलवून जागं करू नका, इजा होणार नाही एवढं बघा, हे सांगणारं एक पानी पत्रक पुरेसं आहे. नार्कोलेप्सीचं तसं नाही. हा आजार बऱ्याचदा किशोरवयात सुरू होतो. भर वर्गात झोप अनावर होते, खळखळून हसताना गुडघ्यांतलं बळ जातं, आणि निदान होईपर्यंत कित्येक वर्षं त्या मुलावर आळशीपणाचा शिक्का बसलेला असतो.

तान्ह्या बाळांबद्दल मात्र माझं म्हणणं उलट आहे. तिथे नसलेल्या आजारावर औषधं दिली जातात. पहिले दोन-तीन महिने बाळाच्या शरीराला दिवस-रात्रीचा ठेका सापडलेलाच नसतो. ते रात्री उठणारच. पण थकलेल्या आईबापांना कुणीतरी सर्दीचं, गुंगी आणणारं सिरप सुचवतं. त्यातल्या प्रोमेथाझिनवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये सर्वांत कडक इशारा छापायला लावला. दोन वर्षांखालच्या मुलांना ते द्यायचंच नाही, कारण त्याने श्वास मंदावून मृत्यू झाले आहेत. मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, त्याच्या रंगीत, गोड गोळ्यांचीही तीच बेफिकिरी. २०२३ मध्ये अमेरिकेत अशा २५ उत्पादनांची तपासणी झाली तेव्हा २२ वरचं लेबल चुकीचं निघालं. छापलेल्या मात्रेच्या तिपटीहून जास्त औषधही आढळलं, एकात तर मेलाटोनिन नव्हतंच. या विक्रीवर लगाम घालणं आपल्याच अधिकारात येतं. बाळाला पाठीवर झोपवा, हा बिनखर्चाचा सल्लाही प्रत्येक प्रसूतिगृहातून द्यायला हवा. अमेरिकेत १९९४ साली ती मोहीम सुरू झाल्यावर झोपेतले अचानक बालमृत्यू पुढच्या काही वर्षांत निम्म्यावर आले.

किशोरांच्या झोपेची गोष्ट आपल्या एकट्याच्या हातातली नाही, हे मी जाणते. वयात येताना मेंदूतलं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं, झोप एक-दोन तास पुढे सरकते आणि शाळेची घंटा मात्र जागची हलत नाही. मोबाइलला दोष देणं सोपं आहे, तो थोडा आहेही. पण अमेरिकेतल्या सिएटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळा जवळजवळ तासभर उशिरा सुरू केल्या, तेव्हा मुलं रोज ३४ मिनिटं जास्त झोपू लागली. मोबाइल तेव्हाही होतेच. कॅलिफोर्नियात २०२२ पासून तसा कायदा लागू आहे. फ्लोरिडाने कायदा केला आणि बसगाड्यांचं गणित जमेना म्हणून लागू होण्याआधीच मागे घेतला, तेव्हा हे सोपं नाही. आपण शिक्षणमंत्र्यांशी निदान बोलणं सुरू करावं.

माझी मुख्य मागणी लहान आहे. तपासणीच्या फॉर्मवर पालकांसाठी तीन प्रश्न घाला: सर्दी नसतानाही मूल आठवड्यातून तीन-चार रात्री घोरतं का? झोपेत श्वास अडल्यासारखा वाटतो का? पुरेसे तास झोपूनही सकाळी उठवताना नाकी नऊ येतात का?

आपले अधिकारी विचारतील, उत्तर ‘हो’ आलं तर इतक्या मुलांना पाठवायचं कुठे? प्रश्न रास्त आहे. लहानांची तपासणी करणाऱ्या लॅब मोजक्या आहेत, आणि मोठ्यांसाठीचे पट्टे लहानग्या छातीवर बसत नाहीत. पण प्रत्येक मुलाला लॅबची गरज नसते. पालकांनी झोपलेल्या मुलाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ काढून आणला आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांनी घसा पाहिला, तर कुणाला आधी पाठवायचं हे बरंचसं ठरतं. उरलेल्यांसाठी मुलांच्या मापाचे सेन्सर, शेजारी आईबापासाठी एक खाट आणि लहान मुलांची सवय असलेले तंत्रज्ञ लागतील. त्यांचं प्रशिक्षण आजच्या लॅबमध्येच होऊ शकतं. मी शिकवायला तयार आहे.

पुढच्या शैक्षणिक वर्षाचे फॉर्म छपाईला जाण्याआधी हे प्रश्न त्यात यावेत, ही विनंती.

आपली विश्वासू,
स्लीप लॅबमधील एक तंत्रज्ञ