आईचं नागरिकत्व आणि 10 डिसेंबर 1992

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपलं नागरिकत्व मुलांना बापांइतक्या सहज देऊ न शकणाऱ्या कतार, कुवेत, नेपाळमधल्या आयांची बाजू कालच्या अग्रलेखात आपण ठामपणे मांडलीत, त्याबद्दल आभार. पण 'भारताने हा प्रश्न केव्हाच निकाली काढला' हे वाक्य वाचून संताप आला. संसदेने कायदा बदलला आणि निकाली निघाला तो 10 डिसेंबर 1992 पासून पुढे परदेशात जन्मलेल्या मुलांचा. त्याआधी जन्मलेल्यांना वंशाने, म्हणजे आईबापांवरून, नागरिकत्व हवं तर बापच भारतीय लागे. आई भारतीय असून उपयोग नव्हता.

माझी धाकटी बहीण नागपुरात नर्सिंग शिकून कतारमध्ये दोह्याला गेली. तिथे तिने गाझाच्या पॅलेस्टिनी माणसाशी लग्न केलं. त्याच्याकडे इजिप्तने दिलेलं प्रवासाचं कागदपत्र होतं, पासपोर्ट कुठल्याच देशाचा नव्हता. थोरला मुलगा 1990 चा, धाकटा 1994 चा. धाकटा जन्मतःच भारतीय. थोरला कुठल्याच देशाचा नाही, कारण कतारही जन्मावरून नागरिकत्व देत नाही. अल्पवयीन आहे, नोंदणी करून नागरिकत्व घ्या, असं सांगितलं गेलं. अर्ज केला, तर वडिलांचा पासपोर्ट मागितला. तो नाही म्हटल्यावर 'मग त्यांच्या देशाचं पत्र आणा'. कुठला देश, साहेब? फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली आणि पोरगा अठरा वर्षांचा झाला. अल्पवयीनांची ती वाटही बंद. पुढे इथल्याच कॉलेजात तो परदेशी विद्यार्थ्याची फी भरून शिकला. सख्ख्या आजीच्या घरी राहायचं तर त्याची पोलिसांत नोंद, धाकट्याला कोणी विचारलंही नाही. एकाच आईची मुलं!

परदेशात जन्मलेल्या मुलांना आईवरूनही नागरिकत्व देणाऱ्या मलेशियाच्या 2024 च्या घटनादुरुस्तीचं आपण कौतुक केलंत. तीही आधी जन्मलेल्यांना लागू नाही, हे लिहायला हवं होतं. आईला डावलणं चूक होतं हे आपल्या संसदेने मान्य केलं ना? मग आधीच्या लेकरांनी काय घोडं मारलं होतं? ती तारखेची अट काढा, एवढीच मागणी आहे, आणि ती आपल्यासारख्या वृत्तपत्राने लावून धरावी.

जाता जाता आणखी एक. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या कागदपत्रांत आईचं नाव राज्य सरकारने बंधनकारक केलं, चांगलं झालं. पण परवा नातीच्या शाळेत फॉर्मवर वडिलांचीच सही हवी म्हणून माझ्या सुनेला परत पाठवलं. शाळांच्या या फॉर्मांवरही एकदा लिहा.

— एक वाचक, धरमपेठ, नागपूर