काका, गाडी आता सरळ थांबते

काका, नमस्कार.

तुम्ही हे स्वतःहून वाचणार नाही हे मला माहितेय, तुमच्या फोनवर फोन येतात नि जातात एवढंच, पण काकूंना सांगून ठेवलंय की दुपारच्या चहाला मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि तुम्ही मधेच "पुरे आता" म्हणालात तरी थांबायचं नाही. तोंडावर आभार मानायला आलो की तुम्ही विषय बदलता, मागच्या वेळी सरळ कढीलिंबाला लागलेल्या किडीवर गेलात, म्हणून म्हटलं इथेच सगळ्यांसमोर लिहावं.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगतो. आमची हॅचबॅक २०१४ ची, पुढे डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, तिला दोन पॅड दोन्हीकडून चिमटीत धरतात), मागे ड्रम, ८६ हजार किलोमीटर झालेली. पावसाळा संपता संपता इंदूरहून ओंकारेश्वरला निघालो होतो, आई मागे, बायको पुढे. सिमरोल सोडून भेरूघाट उतरायला लागलो, वळणावर समोरून लोड भरलेला ट्रक, मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबायला लागली ती उजवीकडे जात जात, म्हणजे ट्रकच्या तोंडातच की! स्टेअरिंग डावीकडे दाबून धरलं म्हणून निभावलं. आई "नर्मदे हर" म्हणाली आणि त्यानंतर बडवाह येईपर्यंत गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही.

इंदूरला परतल्यावर एका गॅरेजला दाखवली. नाव लिहीत नाही, काका तुम्हीच म्हणालात नको लिहू. तिथे आधी व्हील अलाइनमेंट केली, फरक नाही. मग म्हणाले टायर उतरलेत, पुढचे दोन नवे घातले, तरी तेच. तिसऱ्या खेपेला लोअर आर्मचे, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याचे, रबरी बुश गेलेत आणि स्टेअरिंग रॅक पण बघावी लागेल म्हणून १८ हजाराचा अंदाज हातात दिला. मी जवळजवळ हो म्हणणार होतो, खरंच, कारण घाटातलं ते वळण रात्री डोळ्यासमोरून हलत नव्हतं.

आणि मग आपण चक्कीवर भेटलो. तुमचा गव्हाचा डबा माझ्या पुढे, लाइन मोठी, वेळ जात नव्हता म्हणून मी आपलं रडगाणं गायलो. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "कोणत्या बाजूला ओढते?"

"उजवीकडे."

"मग डाव्याला काय झालंय?"

काका, दोन महिने मी, गॅरेजवाले, माझा मेव्हणा, सगळे त्या उजव्या चाकाकडे बघत बसलो होतो. तुम्ही पिठाच्या डब्यावर बोटाने बैलगाडी काढून दाखवलीत, डावा बैल थांबला नि उजवा चालत राहिला तर गाडी कुठे वळेल, डावीकडेच ना, म्हणजे जो धरतो त्याच्या बाजूला गाडी जाते, उजवीकडे जाते म्हणजे उजवा बिचारा आपलं काम करतोय आणि डावा नुसता उभा आहे. चक्कीवाला पण ऐकत होता, त्याने तेवढ्यात कोणाचं तरी बाजरीचं पीठ ज्वारीच्या डब्यात ओतलं, ते वेगळं.

रविवारी सकाळी सहाला तुम्ही मला सुपर कॉरिडॉरच्या रस्त्यावर नेलंत. मला वाटलं बोनेट उघडणार, पण तुम्ही टायरचं प्रेशर स्वतःच्या गेजने मोजलंत (पंपावरच्या काट्यावर तुमचा विश्वास नाही), पुढचे दोन्ही ३३ निघाले, आणि बाजूला बसून फक्त प्रश्न विचारत राहिलात. ब्रेक न लावता सरळ जाते का? जाते, जरा डावीकडे सरकते. "ती रस्त्याच्या उताराने, मधून उंच नि कडेला उतरता असतो तो, सोडून दे." जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर उलट्या बाजूला पळते का? नाही. "मग बुशवर माझा संशय कमी, बुश ढिले असले तर ब्रेकला एकीकडे आणि रेस दिली की दुसरीकडे असं नाचते." स्टेअरिंग थरथरतं का? नाही. थरथर वेगळी, ओढणं वेगळं, थरथरलं तर डिस्कच्या जाडीत फरक पडलाय का ते बघायचं, हे तुम्ही तिथे सांगितलंत आणि मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

मग ती पाण्याची गंमत. सात आठ वेळा चाळीसच्या स्पीडवरून ब्रेक मारायला लावलेत, गाडी कडेला घेतली, तुम्ही बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन रिमच्या फटीतून उजव्या डिस्कवर चार थेंब टाकलेत. छन्न! गायब. मग डावीकडे येऊन तसेच चार थेंब, आणि ते थेंब डिस्कवरून ओघळले, निवांत, जसे फरशीवरून ओघळतात. चारच थेंब टाकायचे, भांडंभर ओतायचं नाही, तापलेली डिस्क वाकडी होते, हे पण दोनदा बजावलंत. मग मोबाइलची बॅटरी मारून दाखवलंत, उजवी डिस्क आरशासारखी चकचकीत, डाव्या डिस्कच्या बाहेरच्या बाजूवर तांबूस पट्टे. दोन महिने मी ती गाडी दर रविवारी धुतोय काका, ते पट्टे मला दर वेळी दिसत असणार.

घरी तुमच्या अंगणात मागच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक ओढला, जॅक लावला, शिवाय स्टेपनी काढून गाडीखाली आडवी सरकवली, जॅक सुटला तर गाडी स्टेपनीवर बसेल माणसावर नाही. मला आत बसवून ब्रेक दाब, सोड, दाब, सोड. सोडला की दोन्ही चाकं लगेच मोकळी फिरत होती. म्हणजे ब्रेक ऑइल नेणाऱ्या होजमधे प्रेशर अडकत नाहीये, रबरी होज आतून सुजला की बाहेरून छान दिसतो पण ब्रेक सोडल्यावर ऑइल परत येऊ देत नाही. मग ब्लीडिंग निपलला, म्हणजे ऑइल नि हवा काढायच्या छोट्या तोटीला, नळी लावून बाटलीत सोडलीत, आणि "निपल बंद झाला म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा ओढेल" असं ओरडलात की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. दोन्हीकडून ऑइल सारखंच आलं. होज संशयातून सुटला. बुशला पहार लावून पण दाखवलीत, तडे होते पण हलत नव्हते. "हे म्हातारपण आहे, दुखणं नाही, अजून चालेल." तुमच्या गुडघ्यांबद्दल पण तुम्ही हेच म्हणता, काकूंकडून कळलं.

मग कॅलिपर, म्हणजे ते पॅड दाबणारा चिमटा, उघडला आणि सगळं समोर आलं. डावीकडचा आतला पॅड जेमतेम ३ मिलीमीटर उरलेला, बाहेरचा जवळजवळ नवा. उजवीकडचे दोन्ही सारखे झिजलेले. मला अजून कळलं नव्हतं तेव्हा तुम्ही हात पुढे केलेत, "पिस्टन एकच असतो, आतल्या बाजूला. तो आतला पॅड दाबतो, आणि मग अख्खा कॅलिपर या दोन पिनांवर मागे सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिना जाम, तर कॅलिपर सरकत नाही. एका हातानं टाळी वाजते का रे?"

वरची पिन निघाली. खालची नाही. त्या एका पिनसाठी पाऊण तास गेला, गंज सोडवायचा स्प्रे, पान्याने जरा इकडे जरा तिकडे, हातोडी मी उचलली तर तुम्ही डोळे वटारलेत. निघाली तेव्हा तिच्यावरची रबरी बुशी फुगून जाड झालेली, बोटाने दाबली की चिकट, जुन्या चप्पलच्या पट्ट्यासारखी. तुम्ही वास घेतलात आणि म्हणालात बेअरिंगचं ग्रीस घातलंय कोणीतरी. दीड वर्षापूर्वी पॅड बदलले होते तेव्हाच घातलं असणार, पेट्रोलियमवालं ग्रीस या रबराला फुगवतं, तिथे सिलिकॉनचंच लागतं. पिनेवरचं रबरी टोपण, बूट म्हणतात ते, पण फाटलेलं, त्यातून पावसाचं पाणी आत. मी त्या गॅरेजवर चिडलो तर तुम्ही म्हणालात, "मुलगा असेल कोणी, हाताशी होतं ते घातलं असेल, त्याला कोणी सांगितलंच नसेल." मला एवढं मोठं मन नाहीये काका, मी अजून चिडलेलोच आहे, दोन टायरचे पैसे माझे गेलेत.

पिनांचा किट ३५० चा. पॅड दोन्ही बाजूंचे नवे, कारण मी म्हटलं उजवे चांगले आहेत राहू द्या की, तर तुम्ही माझ्याकडे अशा नजरेनं बघितलंत जसं काही मी एकच चप्पल विकत घ्यायला निघालोय. ब्रेक ऑइल डॉट ४ चं सगळं बदललं, हवेतली ओल पितं ते, मग घाटात तापलं की लवकर उकळतं, कंपनीच्या पुस्तकात दर दोन वर्षांनी बदला लिहिलंय आणि मी पाच वर्षं बदललं नव्हतं. आणि कॅलिपर होजवर लटकवला नाहीत, तारेनं स्प्रिंगला बांधून ठेवलात, तो फोटो मी काढलाय.

पण माझ्या जास्त लक्षात राहिलं ते शेवटचं. चाक लावून झालं, मी गाडी काढायला किल्ली शोधतोय तर किल्ली नाही. तुमच्या शर्टच्या खिशात होती. आधी ब्रेक पंप कर म्हणालात. पाय ठेवला तर पॅडल सरळ खाली, फरशीला! माझ्या पोटात गोळा आला. पिस्टन मागे ढकललेला असतो, पॅड डिस्कपर्यंत यायला पाच सहा वेळा दाबावं लागतं, आठव्या वेळी पॅडल कडक झालं तेव्हा तुम्ही किल्ली दिलीत. तुम्ही नसतात तर मी तशीच काढली असती आणि समोर तुमच्याच कुंपणाची भिंत होती.

पैसे विचारले तर हात झटकलेत. दुसऱ्या दिवशी पोहे घेऊन आलो तर म्हणालात शेव कमी घातलीय. बरं, पुढच्या वेळी जास्त.

गेल्या गुरुवारी परत भेरूघाट उतरलो. तेच वळण. मुद्दाम आरशात मागे कोणी नाही बघून जरा जोरात ब्रेक मारला, स्टेअरिंगवर फक्त दोन बोटं. सरळ थांबली. आईनं विचारलं इथे का थांबलास, म्हटलं सहज.

चाकाचे नट शंभर किलोमीटरनंतर परत आवळायला सांगितले होतेत ते आवळले, आणि तेव्हा कळलं की तुमचा चौदाचा पाना माझ्याच डिकीत आलाय. तुम्ही तो आठवडाभर शोधताय हे काकूंनी सांगितलं मला, त्यांच्यावर संशय घेऊ नका. रविवारी आणून देतो.

तुमचा,
मागच्या गल्लीतला, पांढऱ्या गाडीवाला

ता. क. चक्कीवाल्याच्या व्हॅनचं पण ब्रेकला डावीकडे ओढणं सुरू झालंय म्हणतो. मी त्याला विचारलं, मग उजव्याला काय झालंय? तो माझ्याकडे बघतच राहिला.