स्मार्ट मीटरचा उपयोग बिलापुरताच नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्मार्ट मीटरविषयी आपण छापत असलेली वाचकांची पत्रे मी आवर्जून वाचतो. बहुतेक पत्रांचा विषय बिल हाच असतो: रिचार्ज लवकर संपतो, मीटर पळतो, जुना मीटर बरा होता. मे २०२४ मध्ये आमच्या बडोद्यात याच तक्रारींवरून लोक रस्त्यावर उतरले आणि हे मीटर बसवण्याची मोहीम तेव्हा थोपवावी लागली. या तक्रारींची शहानिशा व्हायलाच हवी. पण हा मीटर वीज गेल्याचेही सांगू शकतो आणि त्याविषयी कोणीच काही विचारत नाही, म्हणून हे पत्र.

माझी सगळी नोकरी रिले टेस्टिंगमध्ये, म्हणजे बिघाड होताच लाइन तोडायचा हुकूम देणाऱ्या यंत्रांच्या तपासणीत, गेली. त्यामुळे हे यंत्र काय करू शकते ते थोडे सांगतो. पुरवठा तुटला की मीटरमधल्या कपॅसिटरमध्ये काही क्षण पुरेल एवढी वीज उरते. तेवढ्यावर तो शेवटचा निरोप धाडतो: अमुक मीटर, अमुक वेळ, सप्लाय बंद. एकाच घराचा निरोप आला तर बिघाड त्या घराच्या सर्व्हिस वायरचा. एका डीपीवरच्या, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या घरांचे आले तर डीपीचा फ्यूज गेला. अख्ख्या फीडरचे, म्हणजे सबस्टेशनमधून निघून अनेक डीपींना वीज देणाऱ्या लाइनवरचे, आले तर त्या ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) लाइनवर फॉल्ट, म्हणजे बिघाड. मोबाइल नेटवर्कच्या गर्दीत सगळे निरोप पोचत नाहीत हे खरे, पण दोनशे घरांपैकी चाळिसांचे पोचले तरी जागा कळते. असे असताना आजही लाइट गेली की आपणच फोन लावत बसतो, आणि लागलाच तर पहिला प्रश्न येतो, "तुमचीच गेलीय की शेजाऱ्यांचीपण?" हे विचारायची वेळ आता येऊ नये.

रात्री भर पावसात ११ केव्हीचा फॉल्ट शोधतात कसा, ते फार थोड्यांनी पाहिले असेल. सबस्टेशनमधला ब्रेकर, म्हणजे बिघाड होताच लाइन तोडणारा मोठा स्विच, ट्रिप होतो, पण लाइनवर नेमके कुठे बिघडले ते त्याला ठाऊक नसते. मग लाइनमन टॉर्च घेऊन निघतो. फीडरच्या मध्यावरचा गँग स्विच उघडून लाइनचे दोन भाग करतो आणि सबस्टेशनला फोन करतो, "चार्ज करा." लाइन टिकली तर फॉल्ट पुढच्या अर्ध्यात, पुन्हा ट्रिप झाली तर अलीकडच्या. मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. प्रत्येक वेळी फॉल्टचा जबर करंट केबलमधून आणि ट्रान्सफॉर्मरमधून जातो आणि त्यांचे आयुष्य कमी करतो. याच लाइनवर ठरावीक अंतराने फॉल्ट इंडिकेटर बसवले, तर ज्यांच्यातून तो करंट गेला ते लाल दिवा लावतात आणि कंट्रोल रूमला मेसेजही देतात. बिघाड असतो पेटलेला शेवटचा आणि न पेटलेला पहिला, या दोघांच्या मधे. तिथले स्विच दुरून उघडता येणारे असतील तर तेवढाच तुकडा वेगळा काढून बाकीच्या वस्तीला दुसऱ्या फीडरवरून काही मिनिटांत वीज देता येते. हे तंत्र जुने आहे. चार लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांसाठी केंद्राने २००८ च्या योजनेतच स्काडासाठी (दुरून देखरेख आणि नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेसाठी) पैसे ठेवले होते.

ऑटो-रिक्लोजरबद्दल मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. उघड्या तारांवरचे बरेचसे फॉल्ट क्षणिक असतात, फांदी घासली किंवा पक्षी बसला एवढेच. रिक्लोजर लाइन तोडतो आणि काही सेकंदांनी आपणहून पुन्हा जोडून पाहतो. कामाची गोष्ट आहे. पण उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, दोन दिवसांत तारेवर मांजा अडकला की पोरे खालून ओढत असतात. तार मेली असे समजून कोणी हात घातला आणि तेवढ्यात ती पुन्हा जिवंत झाली तर? त्या दोन दिवसांत जुन्या शहरात रिक्लोजिंग बंद ठेवावे, वीज थोडा वेळ जास्त गेली तरी चालेल, असे मला कळकळीने वाटते.

आता डीपी. मे महिन्यात रात्री अकरानंतर आमच्या भागात डीपीतून निघणाऱ्या तीन फेजपैकी (तारांपैकी) एकाच फेजवर एसी चालतात आणि त्या फेजचा फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो. शेवटी कोणीतरी जाड तार बांधून जातो आणि लाइट टिकते, पण तो भार मग ट्रान्सफॉर्मर सोसतो. आतल्या सर्वांत तापलेल्या जागेचे तापमान साधारण ६ अंशांनी वाढले की कागदाच्या इन्सुलेशनची झीज दुप्पट वेगाने होते. दुपारी उलटाच प्रकार. छतांवर सोलर इतके झाले आहे की उन्हात व्होल्टेज चढते, सोलरचे इन्व्हर्टर ट्रिप होतात आणि तयार झालेली वीज वाया जाते. तिन्ही फेजचा भार, व्होल्टेज आणि तेलाचे तापमान सांगणारा सेन्सर डीपीवर असेल तर दोन्ही गोष्टी आधी दिसतात आणि फेज बदलून भार वाटून देता येतो. २०२१ च्या केंद्रीय वितरण सुधारणा योजनेत घरोघरीच्या २५ कोटी प्रीपेड मीटरबरोबर फीडर आणि ट्रान्सफॉर्मरवरचे मीटरही आहेत. माझ्या मते हे दुसरे काम आधी व्हायला हवे होते. लोकांना आधी सुधारलेला पुरवठा दिसला असता तर नव्या मीटरवर विश्वास बसायला वेळ लागला नसता.

याहून अवघड काम नोंदींचे आहे आणि ते कोणी करू इच्छित नाही. कुठले घर कुठल्या डीपीच्या कुठल्या फेजवर आहे ही यादी वाडी, रावपुरा, मांडवी अशा जुन्या भागांत खरी राहिलेलीच नाही. गडबडीच्या रात्री कोणीतरी सर्व्हिस वायर एका खांबावरून दुसऱ्यावर टाकतो आणि कागदावर ती पहिल्याच खांबावर राहते. अशा यादीवर सेन्सर बसवला तर निरोप बिनचूक येईल आणि माणूस भलत्याच गल्लीत जाईल. प्रत्येक बदलाची नोंद त्याच दिवशी व्हावी, आणि नोंद झाल्याशिवाय काम पूर्ण झाले असे धरू नये.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी वस्त्यांत शिरले तेव्हा पाण्यातल्या भागांची वीज तोडणे भागच होते, जिवाचा प्रश्न होता. पण कुठली डीपी बुडाली आणि कुठली कोरडी आहे हे कंट्रोल रूममध्ये बसून दिसत असेल, तर सगळा फीडर बंद ठेवावा लागणार नाही. काठावरच्या डीपींवर पाण्याची पातळी सांगणारे सेन्सर पुढच्या पावसाळ्याआधी बसावेत.

हे बडोद्याला अवघड आहे असे कोणी म्हणू नये. सयाजीराव महाराजांचे तंत्रशिक्षणाचे कलाभवन १८९० चे, इर्डासारखी विद्युत संशोधन संस्था इथे १९७४ पासून, राज्यभरच्या विजेचा ताळमेळ राखणारे लोड डिस्पॅच सेंटर इथल्याच गोत्रीला. जुलै २०१२ मध्ये सलग दोन दिवस उत्तरेची ग्रिड कोसळली. त्यानंतर देशाच्या मुख्य जाळ्याची नाडी सेकंदाला पंचवीस-पंचवीस वेळा तपासणारी यंत्रे बसली. आमच्या गल्लीतल्या डीपीकडे मात्र ती बंद पडेपर्यंत कोणी पाहत नाही.

यंत्रे आली म्हणून लाइनमन कमी करू नयेत, हेही सांगायला हवे. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनमध्ये सायबर हल्लेखोरांनी दुरूनच ब्रेकर उघडून पुरवठा तोडला आणि सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात गेले. सबस्टेशनवर माणसे धाडून ब्रेकर हाताने पुन्हा जोडले म्हणून काही तासांत वीज परत आली. हाताने चालणारे स्विच आणि ते चालवता येणारी माणसे दोन्ही राहायला हवीत.

शेवटी हक्काचा मुद्दा. डिसेंबर २०२० च्या केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत म्हटले आहे की ज्या सेवेवर दुरून देखरेख ठेवता येते, तिच्यात कसूर सिद्ध झाली तर ग्राहकाला भरपाई आपोआप मिळावी. वीज किती वाजता गेली आणि किती वाजता आली हे स्मार्ट मीटर दुरूनच सांगतो. मग अर्ज कशाला हवा? ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त वेळ लागला तर रक्कम पुढच्या बिलातून वजा व्हावी, आणि प्रत्येक फीडर महिन्यात किती वेळ बंद होता हे बिलावर छापावे. दर ठरवण्याआधी राज्याचा वीज नियामक आयोग वर्तमानपत्रांत सूचना देऊन लोकांच्या हरकती मागवतो. आपण ती सूचना छापाल तेव्हा तिच्यासोबत हरकत कशी पाठवायची तेही सोप्या मराठीत छापावे, ही विनंती. मी माझी हरकत याच दोन मागण्यांवर पाठवणार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विद्युत अभियंता,
वाडी, बडोदे