'संग्रहित छायाचित्र' या ओळीविषयी

महोदय,

विमानवाहतुकीच्या बातम्यांसोबत उडत्या प्रवासी विमानाची जी देखणी चित्रे छापली जातात, त्यांपैकी काही कॅमेऱ्याने टिपलेली नसून संगणकावर घडवलेली असतात. तरीही त्यांखाली 'संग्रहित छायाचित्र' अशी ओळ दिसते. अशी चित्रे करणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे याबाबत थोडे लिहीत आहे.

१९८६ साली संगणकशास्त्रज्ञ जेम्स कजिया यांनी मांडलेल्या रेंडरिंग समीकरणाच्या, म्हणजे पृष्ठभागावरील प्रत्येक बिंदूतून किती प्रकाश कोणत्या दिशेने निघतो हे सांगणाऱ्या गणिताच्या, आधारे आज संगणक प्रकाशाचा हिशेब इतका चोख करतो, की रंगाची चकाकी किंवा खिडक्यांतील प्रतिबिंबे पाहून खरे-खोटे ओळखणे जवळपास अशक्य झाले आहे. विमानाखाली पांढऱ्या ढगांचा थर असेल, तर त्यांच्या माथ्यावरून परतणाऱ्या उजेडाने विमानाचे पोट उजळते, हेही तो आपोआप दाखवतो. चुकतो तो बहुधा चित्रकारच, कारण विमानाची प्रतिकृती आपण जमिनीवर उभ्या विमानाच्या मापांवरून बनवतो आणि तीच उचलून आकाशात ठेवतो. प्रत्यक्षात हवेत पंखच सारा भार पेलत असल्याने ते टोकांकडे वर वाकतात. बोइंग ७८७ मध्ये तर हा बाक लांबूनही नजरेत भरतो. सावलीचेही तसेच आहे. सूर्यबिंब आपल्याला सुमारे अर्ध्या अंशाचे दिसते, त्यामुळे एअरबस ए३२० च्या जेमतेम चार मीटर रुंद धडाची गडद सावली साधारण सव्वाचारशे मीटरवर संपते आणि पुढे उरते ती केवळ पुसट छाया. दहा किलोमीटर उंचीवरच्या विमानाची काळीभोर, रेखीव सावली जमिनीवर दाखवणारे चित्र म्हणूनच खुशाल संगणकाचे समजावे.

माझीही एक चूक सांगतो. उतरण्याच्या बेतात असलेले बोइंग ७७७ मी एकदा रंगवले होते. या विमानाच्या मुख्य चाकांचे सहा-सहाचे दोन संच असतात आणि हवेत असताना त्यांतली पुढची जोडी वर उचललेली व मागची खाली झुकलेली असते. मी मात्र ती धावपट्टीवर टेकल्यासारखी सपाट ठेवली. नेमके तेच चित्र एका नियतकालिकाने 'संग्रहित छायाचित्र' म्हणून छापले. हे छायाचित्र नव्हे आणि चाकेही चुकीची आहेत, असे मी कळवले, तेव्हा वाचकांना त्याने काय फरक पडतो, असे उत्तर आले.

जाहिरातीत कदाचित पडत नसेल. पण बातमी अपघाताची किंवा तांत्रिक बिघाडाची असते, तेव्हा चाके बाहेर होती का, पंखांमागील फ्लॅप किती उघडले होते, पंखांचे टोक कोणत्या स्थितीत होते, याच गोष्टी वाचक चित्रात निरखून पाहतो आणि त्यांवरून तर्क बांधतो. तिथे माझ्यासारख्याने अंदाजाने ठेवलेली चाके पुरावा ठरू लागतात.

तेव्हा अशा प्रत्येक चित्राखाली 'संगणकनिर्मित चित्र' असे स्पष्ट छापावे, आणि अपघाताच्या बातमीसोबत ते शक्यतो वापरूच नये, ही विनंती. चित्रकाराचे नाव जागेअभावी गाळले तरी आमची फारशी तक्रार नसेल.

आपला नम्र,
एक संगणक-चित्रकार